एकाच पावसाळ्यातले दोघे

५ ऑक्टोबर १९५९, सोमवार
दादाचं पत्र आलं. इस्रायलमध्ये बैरशेबाला दोन खोल्यांचं घर मिळालं त्याला. आता बाबांना आणि मला कायमचं बोलावतोय. पत्र वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "चांगलं झालं," आणि अंगणात जाऊन उभे राहिले.
यरुशलेम बघायचं, यरुशलेम बघायचं — आई होती तेव्हापासून बाबांचं ऐकतेय. तर जायचं. रिहे गावातल्या माझ्या शाळेला काय, दुसरी बाई मिळेल.

६ ऑक्टोबर
दुसरी बाई मिळेल म्हणून लिहिलं खरं. आज पहिलीतल्या सोनीला स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिता आलं. दिवसभर पाटी पुसू दिली नाही कुणाला.

१० ऑक्टोबर, शनिवार
आज शब्बाथ, लिहायचं नसतं; दिवस उतरल्यावर लिहितेय.
घरमालकीण गोजराबाई मावशींना सांगितलं नव्हतं अजून. सांगितलं. त्या उठून म्हशीला वैरण टाकायला गेल्या.
दोन वर्षांपूर्वी मी इथे बदलून आले तेव्हा खोली मिळेना. ज्यू म्हणजे कोण, कुणाला ठाऊक नाही. मावशींचं माहेर घाटाखाली, कोकणात. त्या म्हणाल्या, "शनवारतेली ना तुमी? शनवारी चूल पेटवीत न्हाईत त्येच? आमच्या गावात हायेत की. या ऱ्हायला." भाडंसुद्धा मागाहून ठरलं.

१८ ऑक्टोबर
बाबा पुण्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवायचे. आता शिकवायला एकच विद्यार्थी — मावशी. रोज संध्याकाळी त्या ओट्यावर सूप घेऊन बसतात आणि विचारतात, "मास्तर, अमका व्हता तवा तुमच्यात कोन व्हतं?"
आज एकनाथ महाराज. बाबा म्हणाले, त्यांच्याच वयाचे आमचे इसहाक लुरिया. यरुशलेमच्या मुलखात डोंगरावर सफेद म्हणून गाव, तिथे देवाचं गूढ सांगत बसायचे. नाथ पैठणला, हे तिकडे. एकमेकांचं नाव ऐकलं नाही जन्मात.
मावशी म्हणाल्या, "भेटलं असतं तर जमलं असतं दोघांचं."
बाबा हसले. "तुमचं-माझं जमलं तसं."

२५ ऑक्टोबर, रविवार
आज शिवाजी महाराजांवर आल्या मावशी. बाबा खूश. हा त्यांचा आवडता धडा.
म्हणाले, तेव्हा तुर्कांच्या राज्यात आमच्यातला एकजण उठला. शब्बताई त्स्वी. म्हणाला, मीच तो मसीहा, तुम्हांला यरुशलेमला घेऊन जाणार. देशोदेशीच्या ज्यूंनी गाठोडी बांधली, कुणी घरंदारं विकली. मग सुलतानानं त्याला समोर उभं केलं. धर्म सोड, नाहीतर जीव जाईल. त्यानं धर्म सोडला. साल सोळाशे सहासष्ट.
"म्हंजी?" मावशी.
"म्हणजे तुमचा राजा आग्र्याहून निसटला तोच पावसाळा. महिन्याभराचं अंतर. दोघंही बादशहापुढे उभे राहिले. एक सुटला, एक वाकला."
मावशींचं सूप थांबलं. "आन ती गाटोडी बांदल्याली मानसं? त्येंचं काय झालं?"
बाबा म्हणाले, "इतिहासात त्यांची नावं नाहीत फारशी. पण मी शिकवताना नेहमी त्यांच्यापाशीच अडायचो."

२ नोव्हेंबर
दिवाळी झाली. मावशींनी करंज्या दिल्या, बाबांसाठी वेगळ्या, मऊ.
मुंबईहून कागद आले. जानेवारीत विमान.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
भातकापणी. वर्गात निम्मी मुलं नाहीत. मी खाचराच्या बांधावर जाऊन हजेरी घेतली. मुलं लांबूनच "हाय बाई, हाय!" म्हणून ओरडत होती.
मी गेल्यावर कोण येईल बांधावर? परत येताना गोठ्यात मावशी धार काढत होत्या. त्यांच्याजवळ बसले आणि रडू आलं. सांगून टाकलं — मला नाही जायचं. बाबांसाठी चाललेय. त्यांना सांगू नका.
मावशी म्हणाल्या, "बरं."

२२ नोव्हेंबर
बाबा बोलीतली हिब्रू शिकताहेत. प्रार्थनेची येते, बाजारातली येत नाही ना! आज म्हशीला विचारत होते, "कमा झे?" — केवढ्याला?

६ डिसेंबर, रविवार
निघायच्या आधी मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. बाबांनी एलियाहू नबींच्या नावानं प्रार्थना म्हटली. मावशी हात जोडून बसल्या होत्या. प्रसाद हातात घेतला, पण तोंडात घालेनात.
"मास्तर, येक इचारू? तुमाला खरंच जायाचंय का?"
बाबा म्हणाले, "मिल्कासाठी चाललोय हो. इथे आमच्यातला मुलगा कुठे मिळणार तिला?"
मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हणत होते. त्यांनी जुमानलं नाही.
"आन ही तुमच्यासाटनं चाललीया. माज्यापाशी रडली. देवाच्या फुड्यात खोटं बोलून निगू नका दोगं."
मला बाबांकडे बघवेना. त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला. लहानपणी ताप असला की घ्यायचे तसा.
"तुला नाही जायचं?"
"नाही, बाबा."
"मग संपलं. मलाही नाही जायचं. राहू या."
मावशींनी तेव्हा कुठे मलिदा खाल्ला.

७ डिसेंबर
किती हलकं वाटतंय! शाळेत उगाचच सगळ्यांना गोष्ट सांगितली. दादाला काय लिहायचं ते बाबा सांगणार आहेत.

१६ डिसेंबर
दादाला लिहायचं राहिलंय. बाबा म्हणतात, उद्या.

२० डिसेंबर, रविवार
आज विहिरीवरून आले तर बाबा परसात एकटेच बोलत होते. पाव. पाणी. गाडी. ही गाडी यरुशलेमला जाते का? — सगळं हिब्रूत. मला पाहून गप्प झाले. "सवय लागली," म्हणाले.
मावशींना सांगितलं. त्या धान्य निवडत होत्या, मान वर केली नाही.
"मला त्येच दिवशी कळलं. 'ऱ्हाऊ या' म्हनून तुजं त्वांड बघून बोललं त्ये. बाप हाय."
"मग तुम्ही बोलला का नाहीत?"
"येकदा बोलले की. दर बारीला म्याच बोलू?"

२१ डिसेंबर, सोमवार
सकाळी बाबांसमोर चहा ठेवला आणि विचारलं. "बाबा, मी इथे राहिले तर तुम्ही एकटे जाल?"
चहा निवला. मग म्हणाले, "तू एकटी पडशील."
"मावशी आहेत. शाळा आहे."
"रागावणार नाहीस?"
"नाही."
"मग जाईन," म्हणाले. इतक्या हळू, की पुन्हा विचारावं लागलं.