तुझा सेट टेबलावर होता

मुलुंड

प्रिय प्रबुद्ध,

यंदाचा आपला हॅम रेडिओवाल्यांचा मेळावा पवईला झाला, एका ऑफिस कॉम्प्लेक्सच्या एसी हॉलमध्ये. दारातच गळ्यात कार्ड अडकवतात. शाळेच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रं पसरून आपण माल मांडायचो, ते आठवून मला हसूच आलं. तेव्हा विकत कोण घेत होतं रे? तुझा ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे, माझी कॉइल तुझ्याकडे. घरी आल्यावर रेवती विचारायची, "भंगार देऊन भंगारच आणलंत ना?"

आता निम्मी अदलाबदल व्हॉट्सॲपवर आधीच उरकलेली असते. टेबलांवर हातात मावणारे चिनी वॉकीटॉकी, खोक्यासकट. स्वतः जोडलेलं काही शोधूनही सापडत नाही. बोरिवलीच्या केतनची सोसायटी पाडून टॉवर झाला, नव्या कमिटीनं गच्चीवर अँटेना लावू दिली नाही. तो आता लॅपटॉपवरून इंटरनेटनं बोलतो आणि त्यालाच रेडिओ म्हणतो. मी वाद घातला नाही. पण तरुण मंडळी भरपूर होती, मुलीसुद्धा. आपल्या वेळी उत्तरा एकटी यायची. तेव्हा सगळ्याची वाट लागली, असं मी तरी म्हणणार नाही.

जुने सेट वेगळ्या टेबलावर असतात. तिकडे जायचं मी हल्ली टाळतो. चांगला सेट तिथे आला की समजायचं, मालक गेला. बायको नाहीतर मुलगा उभा असतो. या वेळी चहा नेमका त्याच बाजूला होता म्हणून गेलो, तर तुझा सुयोग उभा. समोर तुझा सेट. कोपऱ्यावरचा सोल्डरिंगचा चटका बघून ओळखला. मी टेबलाचा काठ धरला. सुयोगनं धावत येऊन मला धरलं. "काका, काका, बाबा बरे आहेत! घरी आहेत."

खुर्चीवर बसवून, पाणी देऊन त्यानं सगळं सांगितलं. घशाच्या ऑपरेशननंतर तू रेडिओच्या खोलीत पाऊलच टाकलं नाहीस. स्वरयंत्र काढलं, आता माइकपुढे बसून करू काय, असं पाटीवर लिहून दिलंस. नीलमवहिनी म्हणाल्या, राहू दे सेट, तर पाटी पुसून तू पुन्हा लिहिलंस, 'विकून टाक.'

तेवढ्यात वांद्र्याचा एक माणूस सेट घ्यायला मोबाइल काढून तयारच झाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "हा विकायचा नाही." सुयोग गोंधळला. "काका, बाबांनीच पाठवलाय." "बाबांचं मी बघतो," म्हटलं. तो माणूस चिडला, दोन शब्द सुनावून गेला. त्याचं काही चुकलं नाही.

मागे इरावती म्हणून एक मुलगी उभी होती, पवईलाच इंजिनिअरिंग शिकते. रेडिओच्या छोट्या लायसन्सच्या परीक्षेला मोर्सचं कट्ट-कडकट्ट लागत नाही, तरी ती हौसेनं शिकतेय. तुझ्या सेटवर बोट ठेवून म्हणाली, "यावर मोर्स झकास जात असेल ना? माझ्याशी हातानं मोर्स करायला कुणी तयारच नाही, काका. सगळे कॉम्प्युटरला करायला लावतात." सुयोगनं तिथेच सेट परत बांधायला घेतला. तुझ्या घरात इतके दिवस हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्याही.

हे मेसेजमध्ये लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला. सेट सुयोगनं परत नेलाय. रागवायचं तर माझ्यावर रागाव. मोर्सला घसा लागत नाही, प्रबुद्ध, आणि तुझ्याइतका साफ हात मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही. फोनवर मी एकटाच बडबडतो आणि तू ऐकतोस, त्यात मजा नाही यार. रविवारी सकाळी चाळीस मीटरच्या बँडवर, आपल्या नेहमीच्या जागी, मी तुला बोलावणार आहे. मीही माइकला हात लावणार नाही. माझं मोर्स किती वाईट आहे ते तुला माहीतच आहे. अक्षरं चुकतील, तू दुरुस्त कर. इरावतीही ऐकत असेल. तुझ्याशी भांडायचं पुष्कळ साठलंय, आणि या वेळी मला उलट उत्तर हवंय.

तुझाच,
विद्याधर