कॅटॅमरानवर मुलगी बघण्याचा कार्यक्रम

१ जानेवारी १९७८, रविवार
आजपासून रोजनिशी. सोलापुरात मिलच्या टाइम ऑफिसात सातशे माणसांच्या वेळा मी रोज लिहितो, मग स्वतःच्या दोन ओळी लिहायला काय जड आहे? (डायरी गेल्या वर्षीची आहे. जानेवारीची चार पानं भरलेली होती, ती फाडली.)
संकल्प: एक, पहाटे पाचला उठणे. दोन, इंग्रजीचे रोज दहा शब्द. तीन, यंदा लग्न.
तिसरा संकल्प आईचा आहे. मी फक्त लिहून घेतला.

२ जानेवारी, सोमवार. सकाळी ८
गजर झालाच नाही. आई म्हणते झाला, तीनदा झाला. तिला हल्ली जरा जास्तच ऐकू येतं.

५ जानेवारी, गुरुवार
चन्नप्पामामा आला. मंद्रूपचं स्थळ. वडील सिद्धलिंगप्पा, गावात अडत दुकान. मुलगी जगदेवी, बी.ए., तिथल्याच शाळेत शिकवते. मामाने आतापर्यंत मला एकोणीस स्थळं आणली. एकोणीसही मी नाकारली. काही ठिकाणी त्यांचा नकार आधी पोस्टात पडला, एवढंच.
मामा म्हणाला, गुरुलिंग, हे शेवटचं हाय बघ. ह्याच्यापुढं माझ्याच्यानं हुईत न्हाय. बोलण्याची पद्धत! जणू आजवर मी त्याच्या पाया पडत होतो. आई कांदा चिरत डोळे पुसत होती. कांदा संपल्यावरही पुसत होती.
मी ठाम सांगितलं. चहापोह्यांचा कार्यक्रम होणार नाही. मुलगी खाली मान घालून बसणार, नाव सांगणार, तिच्या आत्याने विणलेला रुमाल स्वतःचा म्हणून दाखवणार. विसावं शतक आहे. मला मुलगी मोकळ्या वातावरणात बघायची आहे.
मामा म्हणाला, मोकळं म्हंजे कुटं? रानात?

८ जानेवारी, रविवार
प्रश्न सुटला. मंद्रूपची मंडळी पुढच्या महिन्यात यात्रा कंपनीच्या बसने दक्षिणेला चालली आहेत. रामेश्वर, कन्याकुमारी वगैरे. कंपनीच्या छापील पत्रकात शेवटून तिसरी ओळ: 'कोवळम येथे कॅटॅमरानमधून सागरविहार (ऐच्छिक)'. वाचताक्षणी ठरवलं. मुलगी कॅटॅमरानवर बघायची. मी, आई आणि मामा अशा तीन सीट बुक.
ते काय असतंय, असं मामाने विचारलं. म्हटलं, मामा, तुला सांगून काय उपयोग?

९ जानेवारी, सोमवार
मलाही माहीत नव्हतं. लायब्ररीत इंग्रजी डिक्शनरी पाहिली. दोन बोटी शेजारी शेजारी जोडून त्यावर एक डेक. म्हणजे खुर्च्या आल्या. रेलिंग आलं. बँडही असावा, पण त्याची खात्री नाही.
मी रेलिंगला एक कोपर टेकवून उभा राहणार. ती शेजारी. मी समुद्राकडे बघत एक इंग्रजी वाक्य बोलणार. 'लाइफ इज लाइक द सी, मिस जगदेवी, बिकॉज...' पुढचं अजून सुचलेलं नाही. महिना आहे.
सिद्धलिंगप्पांचा निरोप आला. म्हणे, कानडीत कट्टु म्हंजे बांधलेलं, मर म्हंजे झाड, तवा बांधलेल्या लाकडाचं कायतरी असणार. कानडी आमच्याही घरात बोलतात. म्हणून काय इंग्रजी डिक्शनरीपुढे मंद्रूपची अक्कल चालवायची?

१२ जानेवारी, गुरुवार
मुलीला विचारायचे अकरा प्रश्न पोस्टकार्डावर काढले. नव्या पद्धतीचे. चौथा: स्त्री-पुरुष समानतेबद्दल आपले मत काय? पाचवा: भाकरी पातळ येते का?
मामाने त्यांना सांगितलं आहे की मुलगा पट्टीचा पोहणारा आहे. यात खोटं काही नाही. शाळेत असताना मी कंबर तलाव निम्मा पोहून गेलो होतो. उरलेला निम्मा एका म्हशीवाल्याने खांद्यावर टाकून करून दिला. वय एकोणतीस सांगितलंय. दाखल्यावर चौतीस आहे, पण दाखला म्हणजे माणूस नव्हे.

१५ जानेवारी, रविवार
समुद्राची प्रॅक्टिस. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात बसलो. वर जाताना लाट चढल्याचा अनुभव, खाली येताना उतरल्याचा. शास्त्रशुद्ध. तिसऱ्या फेरीत सकाळची भजी शिळी असल्याचं लक्षात आलं. पाळणेवाल्याला ते दुसऱ्याच फेरीत लक्षात आलं असावं, कारण तो बाजूला सरकला होता.
आई म्हणाली, पाळणा तरी थांबतोय रे. समुद्र कोन थांबवनार?
आईचा स्वभाव पहिल्यापासून निराशावादी.

४ फेब्रुवारी, शनिवार
पहाटे पाचला बस. आम्ही पावणेसहाला पोचलो तेव्हा ती निघण्याच्या बेतात होती. असली घाई बरी नव्हे, असं मी मॅनेजरला सुनावलं. सगळी बस आमच्याकडे बघत होती. जगदेवी तीन रांगा पुढे, खिडकीशी. वेणी दिसली.

५ फेब्रुवारी, रविवार
वेणी.

७ फेब्रुवारी, मंगळवार
मदुराईच्या अलीकडे टायर फुटला. दोन तास रस्त्याच्या कडेला. आचाऱ्याने कडक भाकरीची चवड आणि शेंगाची चटणी काढली. जगदेवी पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसून भाकरी गुडघ्यावर मोडत होती आणि आईशी कानडीत काहीतरी बोलत होती. मग दोघी हसायला लागल्या. आईला इतकं हसताना मी अप्पा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.
मला ती आवडली. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. फार आवडली. हिने नाही म्हटलं तर काय, हा विचार मनात आला आणि हातातली भाकरी खाली पडली. आणि तेव्हा बस उभी होती, त्यामुळे बसला दोष देता येत नाही.
जवळ जाऊन बोलणार होतो. पण मग कॅटॅमरानचं महत्त्व काय राहिलं असतं?

१२ फेब्रुवारी, रविवार. कोवळम. दुपारी
क्रमाने लिहितो.
समुद्र पहिल्यांदा पाहिला. बोलण्यासाठी मोठं वाक्य ठेवलं होतं. तोंडातून 'अबब' एवढंच निघालं.
मॅनेजर म्हणाला, चला, कॅटॅमरान. मी म्हटलं, कुठे? तो म्हणाला, ही काय. वाळूवर चार ओंडके पडले होते. काथ्याच्या दोरीने बांधलेले. शेजारी लंगोट लावलेला एक नावाडी. मी म्हटलं, हे सामान झालं, बोट कुठे आहे? हीच बोट. डेक नाही, रेलिंग नाही. खुर्चीचा तर विषयच नको. आमच्या मिलच्या संडासाचं दारसुद्धा यापेक्षा बरं जोडलेलं आहे.
सिद्धलिंगप्पा हळूच म्हणाले, म्हनलं न्हवतं का मी, बांधलेलं झाड.
एका कॅटॅमरानवर तिघे बसतात आणि चौथा नावाडी. मी, जगदेवी आणि तिचे वडील. मामा चपला सांभाळायला किनाऱ्यावर राहिला. इतकी वर्षं स्थळं आणतोय, पण शहाणपणाचं हे पहिलंच काम केलं. आईने हात जोडले. मला नव्हे, समुद्राला.
लाटेतून बाहेर पडलो आणि ओंडक्यांच्या फटींतून भसाभस पाणी वर यायला लागलं. मी ओरडलो, बोट फुटली! पाणी! आणि ओंजळीने उपसायला लागलो. नावाडी आधी थक्क झाला, मग इतका हसला की वल्हवायचं विसरला. जगदेवी म्हणाली, अहो, ते तसंच असतंय. खालनं येतंय आन् खालनंच जातंय की. तुम्ही कुटं उपसून टाकायलाय?
मी प्रश्नांचं पोस्टकार्ड काढलं. चौथ्या प्रश्नापर्यंत पोचायच्या आत लाटेने ते नेलं.
म्हणे किनारा फार सुंदर दिसतो. नारळीची रांग, काळे खडक, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ. असेल. मी डोळे मिटून घेतले होते. ध्यान. मग ध्यान सुटलं आणि नाश्ता सुटला. मग डोळ्यांपुढे अंधारी आली. मी आता पडणार असं वाटत असताना कोणीतरी मनगट घट्ट धरलं.
जगदेवीने. ती म्हणाली, झोपायचं न्हाय, बोलत राहायचं. शाळेत प्रार्थनेला पोरांना भोवळ आली की ती त्यांना असंच बोलतं ठेवते म्हणे. मग तिने विचारायला सुरुवात केली. नाव सांगा. सांगितलं. वय किती? चौतीस. काम काय? टाइम ऑफिसात कारकून, तोही टेंपररी. पोहता येतंय का? नाही. याआधी किती मुली बघितल्या? एकोणीस. तुम्हाला पसंत पडल्या न्हाईत व्हय? मी म्हणालो, मला सगळ्या पसंत होत्या. मग काय झालं? मी त्यांना पसंत नव्हतो. का वो? मी म्हणालो, मी फार बढाया मारतो म्हणून असेल.
आता भीती वाटायलीय का? मी म्हणालो, लई.
सिद्धलिंगप्पा दुसरीकडे तोंड करून समुद्र बघत होते. त्यांचे कान मात्र इकडेच होते.
ती हसली. कुचेष्टेने नव्हे. पदर ओला करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, मलाबी वाटायलीय, पण दोघांनी ओरडून कसं चालंल? वाळू लागेपर्यंत तिने मनगट सोडलं नाही.
एकूण विहार पंचवीस मिनिटं.

१३ फेब्रुवारी, सोमवार. कन्याकुमारी
रात्रभर विचार केला. खाऱ्या हवेचा मेंदूवर परिणाम होतो, हे उघड आहे. त्या अवस्थेत माणूस काहीही बोलतो. कोर्टातसुद्धा असला जबाब धरत नाहीत.
बसमध्ये तिने आईच्या हाती माझ्यासाठी लिंबू पाठवलं. बिचारी. दया आली असावी. मला दया नको आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार. सोलापूर
परत. आंघोळ. जमीन स्थिर आहे.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
मामा मंद्रूपहून आला. चेहरा खुललेला. दोनदा भात घेतला. म्हणाला, काम हुतंय असं दिसायलंय. सिद्धलिंगप्पा म्हनले, पोरगा सरळ हाय. आठ दिवस गप बस. काय बोलू नकोस, काय लिहू नकोस, माझ्यावर सोड. आई चुलीपुढे काहीतरी गुणगुणत होती. कानडी होतं.
मला मात्र शंका येते. सरळ! सरळ म्हणजे साधा, म्हणजे बावळट. चौतीस वर्षांचा, टेंपररी, समुद्रात ओकणारा बावळट. त्यांनी हो म्हटलं तरी या माहितीवर म्हणणार. उद्या जन्मभर ती मला त्या ओंडक्यावरचा माणूस म्हणून बघणार. माझी काही बाजू आहे की नाही? टाइम ऑफिसचा नियमच आहे, रजिस्टरात चुकीची नोंद झाली की ताबडतोब दुरुस्त करायची.
मामाला यातलं काय कळणार?

२२ फेब्रुवारी, बुधवार
शुद्धिपत्रक तयार. ऑफिसच्या टाइपरायटरवर, दोन रकाने, डावीकडे 'चुकीचे', उजवीकडे 'बरोबर'. वय: ३४ ऐवजी २९ वाचावे. हुद्दा: कारकून ऐवजी असिस्टंट टाइमकीपर (परमनंट होण्याच्या मार्गावर) वाचावे. पोहणे: 'नाही' ऐवजी 'उत्तम, परंतु गोड्या पाण्यात' वाचावे. नाकारलेल्या मुली: एकोणीस, सर्व वराकडून. भीती: 'लई' ऐवजी 'किंचित अस्वस्थता, हवामानामुळे' वाचावे. खाली तळटीप: कॅटॅमरानवर दिलेली सर्व उत्तरे रद्द समजावीत.
जगदेवीच्या नावे रजिस्टर्ड पोस्टाने मंद्रूपला धाडलं. आजपर्यंतचं माझं सर्वोत्तम ड्राफ्टिंग. मन हलकं झालं.

२५ फेब्रुवारी, शनिवार
उत्तर नाही. बहुधा प्रभावित झाले असावेत. लग्नासाठी कोटाच्या कापडाची चौकशी केली.

२ मार्च, गुरुवार
मामा आला. बसला नाही. आईने पाणी पुढे केलं, घेतलं नाही.
चैत्रातला मुहूर्त काढून झाला होता. याद्या करायला सिद्धलिंगप्पा स्वतः येणार होते. मग पत्र पोचलं. जगदेवीने ते वर्गातून आल्या आल्या उभ्यानेच वाचलं, दोन्ही रकाने. घडी घालून वडलांकडे दिलं. म्हणाली, बोटीतला मानूस मला पसंत हुता. हे कोन हाय मला ठाऊक न्हाय.
मामा एवढं सांगून उंबऱ्यापाशी थांबला. आईने मला विचारलं, पत्र लिवायला कोन सांगितलं हुतं रे तुला?
कुणी नाही, असं मी म्हणालो.
मग मी म्हणालो की उद्या पहिल्या एसटीने मंद्रूपला जातो. तिला भेटून सगळं खरं काय ते सांगतो. मामा म्हणाला, काय सांगशील?
मी विचार केला. वय चौतीस. टेंपररी. पोहता येत नाही. भीती वाटते. हे सगळं तिला माहीत आहे, आणि तेवढ्यावर ती हो म्हणाली होती. याहून खरं असं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.