बशीतला चहा

आत्याबाई, जयभीम.

तुमीच माह्यं दुसरं लग्न लावलं अन् पातूरच्या घरातून मले अमरावतीले धाडलं. "माहा पोरगा गेला, त्याच्यामागं तू काऊन जिंदगी जाळून राहिली?" म्हणाल्या. इथं सगळं बरं आहे. निजायच्या वेळेले मात्र जीव थाऱ्यावर राहत नाही.

या घरी जेवणानंतर कोनी चहा घेत नाही. मी एकटीच मांडते, तुमच्यासारखं आलं ठेचून. अन् हात आपोआप अर्धा चहा बशीत ओतते. बशी सासूची, कप सुनेचा, सात वर्षांची सवय. बशीतल्यावर साय धरते, मग मोरीत ओतून देते.

काल नागसेन, तुमी पाहून दिलेला नवरा, बाजूले येऊन बसले अन् त्याईनं बशी उचलली. मी हिसकून घेतली. "ते आत्याबाईचं आहे!" चहा त्याईच्या हातावर सांडला. फुंकर मारत म्हणाले, "मंग मले कप दे." मी तोही दिला नाही.

सकाळपासून नुसती आतबाहेर करून राहिली. आज बशी देऊ का त्याईले? तुमी लगेच "दे" म्हणाल.

म्हणूनच हे पत्र टाकत नाही.

अजून तुमचीच सून,
प्रियदर्शनी