शारदाची भाषा

बुधवार, संध्याकाळ. सांगवी.

सॉफ्टवेअर शिकवायचं प्रमाणपत्र मिळालं. घरात पेढे आलेत, पण मी अजून एकही खाल्लेला नाही.

त्यासाठी आज बारामतीच्या सेंटरवर शिकवून दाखवायचं होतं. माझ्याबरोबर परीक्षेला आलेली कळंबची शारदा माझ्या आधी उभी राहिली. म्हणाली, "हितं आकडं टाकलं की बेरीज येती. न्हाय आली तरी घाबरायचं न्हाय, मी हाय." समोरच्या बाया हसत हसत शिकल्या. मग परीक्षकांनी मला विचारलं, हिनं काय सुधारायला हवं? मला तर काहीच खटकलं नव्हतं. तरी बोलून गेले, "भाषा शुद्ध हवी." मी! घरी मीसुद्धा हाय-न्हायच बोलते की. मग का बोलले? परीक्षकांसमोर हुशार दिसायला, दुसरं काय.

त्यांनी तिला पुन्हा शिकवायला लावलं. आता ती एकेक शब्द मनात घोळवून बोलत होती. "आहे" म्हणताना अडखळली आणि पुढचं सगळं विसरली. नापास झाली.

स्टँडवर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "तू खरं तेच सांगितलंस गं." तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला.

"न्हाय जमलं, आई. मी स्टँडवर हाय..." माझ्याकडं बघून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "स्टँडवर आहे."

स्वतःच्या आईशी बोलतानासुद्धा.