भंडारा कुणी उचलला

३ फेब्रुवारी

पुन्हा तारीख! आरोपीचे वकील आजारी म्हणे. सकाळपासून आम्ही कोर्टाच्या बाकावर — ती, तिचे आबा आणि मी. एकोणीस वर्षांची पोरगी, बलात्काराची केस, आणि तो आरोपी समोरच्याच बाकावर पाय पसरून शेंगदाणे खात होता! तिने ओढणी इतकी ओढली की तोंडच दिसेना. मी मध्ये जाऊन उभी राहिले. बायकांच्या केसेस बघणाऱ्या आमच्या संस्थेने मला तिचा आधार म्हणून नेमलंय. आज फक्त आडोसा झाले.

तिचं नाव इथेही लिहायचं नाही. कायदा आहे. वही माझीच असली म्हणून काय!

४ फेब्रुवारी

सरकारी वकील पंचाक्षरी साहेबांना विचारलं, आरोपी दिसणार नाही अशी वेगळी खोली मिळेल का? "खोली आहे की. जुन्या खुर्च्या भरल्यात तिच्यात. चावी कुणाकडं, बघ जरा."

बघितलं. कुणाकडेच नाही.

मग अर्ज लिहिला — पडदा द्या, खोली द्या, सुनावणी सलग घ्या. "ठेवून जा," साहेब म्हणाले. ठेवून आले.

२० फेब्रुवारी

तिच्या वस्तीवर गेले होते. मेंढरं चरायला गेलेली, ती एकटीच अंगण झाडत होती. साक्षीची तयारी म्हणून मी म्हणाले, सगळं एकदा आठवून सांग.

झाडू टाकला तिने. "पोलिसाला सांगितलं, डॉक्टरीनबाईला सांगितलं, तक्रारीच्या येळी जज्जाला सांगितलं. बिरोबाच्या देवळात हातात भंडारा घिऊन सगळ्या गावाफुडं सांगितलं. देवानं एकदाच इचारलं, ताई. तुमी किती येळा इचारता?"

हातात देवाची हळद घेतली की बोललेलं खोटं नसतं, असं यांच्यात मानतात. मी वही मिटली. कॉलेजात 'पीडितेला न्याय' या विषयावर मला वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं!

१७ मार्च

तारीख.

बाबा टॉवेलच्या कारखान्यातून आले. "काय झालं गं आज?" म्हटलं, तारीख. "घरातली पहिली ग्रॅज्युएट, आन एकच शब्द शिकलीस व्हय!" हसले. माझं तोंड बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

७ एप्रिल

तिच्या चुलत्याचा फोन. "सिद्धेश्वरीताई, मिटलं बगा. दोनीकडची माणसं देवळात बसली. आबांनी भंडारा उचलला — पोरगी कोर्टात कायबी बोलणार न्हाय. आता शब्द मोडला तर बिरोबा मेंढरं ठेवंल का?"

"तिला विचारलंत?"

"पोरीला काय इचारायचं? बापानं उचलला की घरानं उचलला."

तिचा फोन बंद.

८ एप्रिल

पंचाक्षरी साहेबांना नवल वाटलंच नाही. "फितूर होणार म्हणजे. लई बघितल्यात अशा. पोरगी बोलली नाही तर माझ्या हातात काय उरतंय, सांग की."

दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवा, असं कायद्यात लिहिलंय. इथे वर्ष उलटलं! वेळेत साक्ष झाली असती तर देवळात बसायला त्यांना सवडच मिळाली नसती. ती सवड आम्ही दिली. एकेक तारीख देऊन, आम्हीच.

१२ एप्रिल

वस्तीवर गेले. आबा दारातच उभे. "पोरी, तू शिकल्याली हायस. आमाला ह्याच गावात ऱ्हायाचंय." ती आत होती. बांगड्यांचा आवाज आला. बाहेर आली नाही.

१५ जून

कोर्टाची मेची सुट्टी संपली. उद्या साक्षीची तारीख. मी जाणार. कशाला, ते माहीत नाही.

१६ जून

सकाळीच अनोळखी नंबर. कंडक्टरच्या फोनवरून ती! "ताई, ष्टँडावर हाय. एकलीच आलीय."

मी वेड्यासारखं विचारलं, "आणि भंडारा?"

"त्यो आबांनी उचललाय. मी माझा कवाच उचललाय की, खरं सांगायला."

पडदा नाही, खोली नाही. कपाटातली मोठी चादर घेतलीय. बाकाजवळ धरून उभी राहीन.

निघाले.