एकही पोचा नसताना

५ जानेवारी, रविवार

सभा संपली एकदाची. चहा एकदाच, तोही गार.

विषय तोच — आमच्या सोसायटीचा पुनर्विकास. सगळ्यांच्या सह्या झाल्या, राहिलेत फक्त आमचे हे, श्यामराव. बिल्डर म्हणतो शंभर टक्के सह्या द्या, मला कोर्टकचेरी नको. आणि श्यामराव सही करत नाहीत, कारण खालच्या बंद गॅरेजात त्यांची एमजी उभी आहे. विलायती स्पोर्ट्स कार, आमच्या लग्नाहून जुनी. दोन माणसांची. डिकीत कोथिंबिरीची एक जुडी मावते, तीही वाकवून. लोणी काळभोरच्या एका गोठ्यातून आणली तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. विकणारा म्हणाला होता, "गाडी येक नंबर हाय, फकस्त जरा चेपलीय." जरा!

इंजिन झालं, गिअर झाले, सीटा शिवून झाल्या. राहिलंय बाहेरचं अंग. पत्रा उघडा असताना गाडी उन्हापावसात काढली तर गंजेल, म्हणून गॅरेज सोडायचं नाही. सगळे अंगावर आले तेव्हा श्यामराव उठले आणि म्हणाले, "गाडी धड अंगाने, स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर गेली की दुसऱ्या दिवशी सही करतो." टाळ्या पडल्या. आमचे चेअरमन रंगनाथ केतकर मात्र चष्मा पुसत बसले होते. "धड म्हणजे नक्की काय? इतिवृत्तात मोघम नको. 'अंगावर एकही पोचा नसताना' असं लिहा." लिहिलं.

म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या वासंतीबाईंची, म्हणजे माझी, नव्या इमारतीतली लिफ्ट आता एका मडगार्डवर येऊन थांबली. माझे गुडघे जिना चढताना जे काही बोलतात ते इतिवृत्तात कुणी घेत नाही.

७ जानेवारी

कोपऱ्यावरचा डेंटिंगवाला दशरथ येऊन गेला. गाडीभोवती एक फेरी मारली. "काका, पुट्टी भरून देतो. वर रंग मारला की ब्रह्मदेवाला कळणार नाही." श्यामराव म्हणाले, "मला कळेल ना." दशरथने माझ्याकडे बघितलं. मी जिन्याकडे बघितलं. तो गेला.

आता पोचे श्यामराव स्वतः काढणार. या माणसाने जन्मभर विमा कचेरीत बसून लोकांच्या गाड्यांचे पोचे नामंजूर केले. "हा पोचा जुना दिसतो" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. त्या सगळ्या लोकांचा तळतळाट एका मडगार्डात जमा झालाय असं मला वाटतं.

पद्धत सोपी आहे म्हणे. पत्र्याच्या आतून एक लोखंडी ठोकळा धरायचा, त्याला डॉली म्हणतात. बाहेरून हातोडीने हलके टोले द्यायचे. मधे सापडलेला पत्रा हळूहळू सरळ होतो. पहिल्या दिवशी मधे अंगठा सापडला.

११ जानेवारी

रंगनाथराव रोज सकाळी पाहणीला येतात. हा त्यांचाच शब्द. आमच्या समोरच्या दारातून कठडा धरून, माझ्यापेक्षा वाईट गुडघ्यांनी तीन मजले उतरतात. बगलेत स्वतःचं घडीचं स्टूल. "अजून किती?" एवढं विचारतात आणि बसतात ते दुपारपर्यंत. पेपर मोठ्याने वाचतात. हातोडी कशी चुकते ते सांगतात. चहा आमचा.

आणि संध्याकाळी हेच गृहस्थ ग्रुपवर लिहितात — "एका सभासदाच्या हौसेपायी अख्खी सोसायटी लिफ्टविना." मी खाली लिहिलं, "सकाळच्या चहात साखर पुरली का?" उत्तर आलं — "पुरेशी होती."

बायको गेल्यापासून हा माणूस फार कजाग झालाय. आधीही होताच. पण तेव्हा ऐकायला घरात कुणीतरी होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला खाली गेले. श्यामरावांनी काळ्या हाताने लाडू घेतला आणि म्हणाले, "वासंती, जरा तुझा हात दे." या वयात काय हे, म्हटलं. पण त्यांनी माझ्या हातात त्यांचा जुना सुती मोजा चढवला आणि तळवा मडगार्डवर ठेवला. "डोळे मीट. सरकव."

डोळ्यांना तो पत्रा गुळगुळीत दिसत होता. तळव्याला नाही. इथे खड्डा, तिथे उंचवटा, मधे भलताच डोंगर. तीस वर्षं गणिताचे पेपर तपासलेत मी, चुका शोधणं हा माझा पोटाचा धंदा. खडूने गोल करत सुटले. शेवटी मडगार्ड दहावी नापास पोराच्या पेपरासारखं दिसायला लागलं.

दहापैकी तीन दिले. श्यामरावांचा चेहरा पडला. "निदान चार तरी?" म्हणाले. पद्धतीला मार्क असतात, पण पद्धतही बरोबर हवी ना.

खोटं कशाला लिहू, मजा आली.

१५ जानेवारी

चार. डावीकडे.

१९ जानेवारी, रविवार

उजवं मडगार्ड दहापैकी आठ! फार ठोकल्यामुळे पत्रा मधे ताणला गेला होता. दाबला की डब्याच्या झाकणासारखा टुणकन आत, टुणकन बाहेर. त्यावर उपाय म्हणजे ती जागा गॅसच्या बत्तीने लाल करायची आणि लगेच ओलं फडकं लावायचं. पत्रा आक्रसतो. माझं एक मऊ जुनं पातळ त्यात कामी आलं. मला न विचारता.

आठ ऐकून रंगनाथरावांनी पेपर खाली ठेवला. "आठ? इतक्यात? घाई करू नका हो, काम नीट होऊ दे." मी श्यामरावांकडे बघितलं. चेअरमनच्या तोंडी 'घाई करू नका' हे शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकले. वय झालं की मऊपणा येत असावा.

२२ जानेवारी

काल तपासून पास केलेल्या मडगार्डात आज पोचा. ताजा. मोज्याचीही गरज नाही, चक्क दिसतोय. श्यामराव म्हणतात, "पत्र्याला जुना आकार लक्षात असतो, तो परत जातो."

असेल. मी काही पत्र्याची शिक्षिका नव्हते. पण बरोबर सोडवलेलं गणित रात्रीत आपोआप चुकलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

२५ जानेवारी

पकडलं.

दुपारी कांदे आणायला म्हणून उतरले, पिशवी विसरले म्हणून गॅरेजात डोकावले. श्यामराव गाडीच्या दाराजवळ उकिडवे बसून टोले देत होते. अगदी हलके, तबला लावल्यासारखे. मी विचारलं, "डॉली कुठाय?" आत काही धरलेलंच नव्हतं. म्हणजे पोचा काढणं चाललं नव्हतं, पाडणं चाललं होतं.

हातोडी खाली ठेवून म्हणाले, "सही झाली की इमारत पडणार. तीन वर्षं आमोदकडे राहायचं. वासंती, तिथून आपल्याला परत कोण आणणार आहे?"

माझा संताप संताप झाला. आमोद आपला मुलगा आहे, सावकार नाही! त्याने हौसेने खोली काढून ठेवलीय आणि बापाला वाटतं कोंडून घालायला निघालाय. आणि या भित्रेपणापायी मी एवढे दिवस मोजा घालून मार्क देत बसले. "तुमच्या भीतीसाठी मी मरेपर्यंत जिने चढू का?" एवढं बोलले. अजूनही बरंच बोलले. भित्रा हा शब्द तीनदा तरी आला असेल.

आजपासून हातोडी माझ्या ताब्यात. हवी तेव्हा मागायची, मी समोर बसणार.

२ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर पर्यवेक्षण केलं. श्यामराव रुसलेत, पण रुसलेला माणूस हात सरळ चालवतो असं दिसतं. मडगार्डं झाली, दोन्ही दारं झाली. काळा रंग फवारून वरून पॉलिश पेपर घासला. जिथे खड्डा असेल तिथे काळं राहतं. कुठेही राहिलं नाही. शेवटी डोळे मिटून तळवा फिरवला, पुढून मागे, मागून पुढे.

दहापैकी दहा. मी दहापैकी दहा आयुष्यात फार जणांना दिले नाहीत.

ग्रुपवर जाहीर केलं — पुढच्या रविवारी सकाळी दहाला गाडी गेटबाहेर, सोमवारी सही. अंगठ्यांचा पाऊस पडला. एरवी माझ्या 'सुप्रभात'ला ढुंकून न बघणाऱ्यांनीही हात जोडले. रंगनाथरावांचा अंगठा तेवढा आला नाही. गेले दोन दिवस पाहणीलाही आलेले नाहीत.

६ फेब्रुवारी

बालेवाडीला आमोदकडे जाऊन आले. खोली बघायला.

लिफ्ट सुरेख. एकोणिसावा मजला आला हे कळतसुद्धा नाही. खोलीही चांगली आहे, कोपऱ्यात चालायचं यंत्र आहे, त्यावर कपडे वाळत घालतात. सुनेने, सलोनीने, कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवलाय. "आई, हा खास तुमचा." एक कप्पा. मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, "अहो आई, तुम्ही बसा ना, मावशी करतील." बसले. पुन्हा उठले, पुन्हा "बसा ना". पोरगी मनाने चांगली आहे, त्यात वाद नाही. पण आजवर मला कुणी इतकं बसवलं नव्हतं.

येताना गाडीत आमोद म्हणाला, "आई, नवीन फ्लॅट मिळाला की आपण तो भाड्याने देऊन टाकू. एजंटशी बोलून ठेवलंय. तुम्ही कशाला परत तिकडे एकटे? तोपर्यंत तुझं वय बघ ना." किती प्रेमाने म्हणाला. खरंच प्रेमाने. मी "हो का" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला भीती वाटली. लहानपणी जत्रेत हात सुटला होता तेव्हा वाटली होती तशी.

घरी आले. जिना चढले. गुडघे नेहमीसारखे दुखले, पण आज जिन्याला शिव्या घातल्या नाहीत. श्यामरावांनी विचारलं, "कशी आहे खोली?" मी म्हटलं, "हवेशीर आहे." आणि काय सांगणार? कुठल्या तोंडाने?

८ फेब्रुवारी

अस्तराचा रंग मारून झाला. गाडी राखाडी दिसते, पण अंग काय आहे तिचं! उद्या गेटबाहेर. श्यामरावांनी स्वतः सदरा इस्त्री केला.

मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अजून आठवडाभर थांबलात तरी चालेल. डावं मडगार्ड मला जरा शंकास्पद वाटतं." त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "तूच दहा दिलेस." मग सदऱ्याची कॉलर उलटवत, "आणि भित्राही तूच म्हणालीस."

मी पेपर तपासून एकदा मार्क दिले की फिरवत नसे, हे त्यांना माहीत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी श्यामराव गाडीला हार आणायला गेले. मी खाली उतरले. अस्तर वाळायला गॅरेजचं शटर अर्ध्यावर ठेवलं होतं. वाकून आत गेले तर डाव्या मडगार्डापाशी रंगनाथराव. हातात खलबत्त्यातला बत्ता, त्याला पंचा गुंडाळलेला. मडगार्डाच्या कडेवर नेम धरला होता.

मला बघून बत्ता लपवायचा प्रयत्नही केला नाही त्यांनी. म्हणाले, "वहिनी, मुलगा म्हणतो नागपूरला या. तिथे मी कुणाशी भांडू?"

मी शटर खाली ओढून घेतलं.

"तिथे नको, रंगनाथराव. कडेला पत्रा दुमडलेला असतो, दबायचा नाही. इथे मारा. मधोमध."