दिपेश सांगतो तो निकेत

८ नोव्हेंबर, शनिवार

आज निकेत हसला म्हणे. सुई टोचायच्या आधी, नर्सकडे बघून, खुदकन!

दिपेश सांगत होता. हॉलमध्ये चटईवर त्याच्या लसविरोधी ग्रुपची माणसं बसलेली, मी चहा देत होते. "तीन महिन्यांचं माझं पोर. एकदम ठणठणीत. नर्सला बघून हसला हो! आणि दुसऱ्या दिवशी दुपारी..." इथे तो थांबतो. नेहमी इथेच थांबतो. बायका ओढणी लावतात डोळ्यांना. तो भाईंदरचा चष्मेवाला म्हणाला, "भाईसाब, बोलने के लिए जिगर चाहिए."

निकेत हसला नव्हता. माझ्या मांडीवर होता ना, मला माहीत नाही? सकाळपासून किरकिर चाललेली. दूध ओढता ओढता दमायचा, कपाळावर घाम यायचा. रडला की ओठ निळे पडायचे. मी म्हणायचे, थंडी लागतेय त्याला, टोपी घाला.

आधी दिपेश नुसतं "बरा होता" सांगायचा. मग "तब्येतीने छान" झाला. आता हसायला लागला. अजून एक वर्ष गेलं की रांगेल बहुतेक.

११ नोव्हेंबर

आशाताई आल्या होत्या. आमच्या समिधाला नऊ महिने झाले, गोवराची लस द्यायची म्हणून. दिपेशने दारातच सांगितलं, आमच्याकडे लस देत नाहीत. "एक गेलं माझं. दुसरं देऊ का तुम्हाला?"

त्या बिचाऱ्यांनी वही मिटली. चप्पल घालून वरच्या मजल्यावर गेल्या.

मी आत होते, समिधाला घट्ट धरून. आणि मला बरं वाटलं! हे खरं लिहायला हवं. मलाही सुईची भीती वाटते. डॉक्टर काय म्हणाले, पेपरात काय येतं, ते सगळं डोक्याला पटतं. पण सुई म्हटलं की निकेत झोपेत गेला तो सोफा दिसतो, त्यावरचं पिवळं दुपटं दिसतं.

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, हृदयाचा काहीतरी जन्मापासूनचा दोष दिसतोय, आधी कधी तपासलं होतं का? मी म्हटलं, नाही. दिपेश केवढ्याने ओरडला होता — "आता आमच्यावर ढकलता?" सगळा वॉर्ड बघत होता. मग त्याने कसल्याही तपासणीला नाही म्हटलं. पोराला फाडू देणार नाही म्हणाला. मलाही तेच हवं होतं.

१२ नोव्हेंबर

घरात दोन निकेत झालेत. एक दिपेशचा, गुबगुबीत, हसरा. तो हॉलमध्ये असतो, लोकांत. माझा रोडका. तो स्वयंपाकघरात येतो. मी भाजी चिरत असते आणि मागे तो दूध ओढताना थांबून थांबून घेतो तसा श्वास ऐकू येतो. वळत नाही मी. वळले की जातो.

१६ नोव्हेंबर, रविवार

भाईंदरच्या डोंगरीला सभा होती, कोणाच्या तरी बागेत मांडव टाकून. खालच्या मजल्यावरची सुलू पण आली, पिंकीला घेऊन. तिचा नवरा उत्तम काशीमीऱ्याला हॉटेलात आचारी. त्याची आणि दिपेशची ओळख तिथलीच, दिपेशच्या गोडाऊनसमोर ते हॉटेल.

आधी एक दाढीवाले गृहस्थ बियाण्यांवर बोलले. वांग्यात आता जंतूचं जीन घालतात, ते खाल्लं की पोटात किडे मरतात तशी माणसंही हळूहळू मरतील. कुठे बघितलं, कोणी तपासलं, काही नाही. नुसतं "सब दबाया जा रहा है". टाळ्या! दिपेश मला हळूच म्हणाला, वांगी बंद करू या. बंद. पपई गेल्या महिन्यातच बंद झाली.

मग दिपेश उठला. मी बघत होते लोकांकडे. एरवी त्याच्या बोलण्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, गोडाऊनमध्ये सगळे अरे-तुरे करतात. इथे सगळे गप्प. निकेत हसला. निकेतने नर्सचं बोट धरलं! हे नवीन.

परत येताना रिक्षात सुलू माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, पिंकीची गोवराची सुई राह्यलीय. नाय देत आता मी."

पिंकी दोन वर्षांची. माझ्या बांगड्या फिरवत बसली होती. मी म्हटलं, "सुलू, निकेतची तब्येत तशी आधीपासूनच..." पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेला दिपेश मागे वळला. "काय गं?" मी म्हटलं, काही नाही.

काही नाही!

२४ नोव्हेंबर

शेजारच्या विंगमध्ये गोवर निघालाय.

२६ नोव्हेंबर

आशाताई पुन्हा फिरतायत, सोबत पालिकेचे दोघे. दिपेश म्हणतो, बघ, कसं घाबरवतात! त्याच्या ग्रुपवर दिवसभर तेच. कोणी लिहितंय गोवर आल्याने पोराचं रक्त शुद्ध होतं. कोणी हळद सांगतंय.

समिधाचे कान मागून सारखे बघते मी. पुरळ तिथून सुरू होतं म्हणतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सगळं नीट लिहिते.

पिंकीला चार-पाच दिवस ताप होता. सुलूने दाराला कडुनिंब लावलेला. काल दिपेश जाऊन बघून आला. "गोवर आहे, येतो नि जातो. आपल्याला नाही झाला लहानपणी?" उत्तमला धीर आला. हॉस्पिटलात नेऊ नकोस, तिथे नेलं की सुया सुरू, असंही सांगून आला.

आज दुपारी मी गेले. समिधाला पलीकडच्या काकींकडे ठेवलं. पिंकी गादीवर पडलेली, अंगभर लाल, डोळे चिकटलेले. आणि श्वास! बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता दर श्वासाला. मला तो आवाज ओळखीचा वाटला. माझ्या स्वयंपाकघरात येतो तो.

म्हटलं, "सुलू, ऊठ. हॉस्पिटल."

"भाऊजी तर म्हणाले—"

"भाऊजींचं राहू दे. निकेत ठणठणीत नव्हता. आजारी होता. जन्मापासून दूध ओढवत नव्हतं त्याला. ओठ निळे व्हायचे. हसला नव्हता तो नर्सला बघून. मी होते तिथे!"

सुलू उठली. मग म्हणाली, "मग भाऊजी खोटं बोलले?"

काय सांगू तिला? खोटं बोलतो असं मला वाटत नाही. सांगता सांगता त्याला तसाच दिसतो तो आता.

मी पिंकीला उचललं, सुलू मागोमाग आली. चटका बसला हाताला. रिक्षा मिळाली, पण नया नगरपाशी ट्रॅफिक. पिंकी एकदाच "पानी" म्हणाली. हॉस्पिटलात लगेच आत घेतली. न्यूमोनिया झालाय म्हणाले, उशीर केलात. ऑक्सिजन लावला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तुमच्या घरात लहान मूल आहे? लस झालीय? लस नाही म्हणून मी मान हलवली, तरी त्या चिडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "सोमवारी नक्की घेऊन या."

दिपेशला सांगितलं नाही अजून.

१ डिसेंबर, सोमवार

नेली. दिपेश कामावर गेला आणि मी समिधाला ओढणीत गुंडाळून निघाले. चोरासारखी. जिन्यात सुद्धा इकडे तिकडे बघत.

हॉस्पिटलात मी नर्सना म्हटलं, आधी हिची छाती तपासा. नर्स म्हणाल्या, "का? काही त्रास आहे?" मी निकेतचं सांगितलं. खरं सांगितलं, सगळं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मधे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी डोळे पुसले नाहीत. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. पुढून, पाठीमागून. "हार्ट एकदम छान आहे हिचं." मला तिथेच रडू फुटलं.

मग सुया. राहिलेली दुसरी एक लसही दिली. समिधा किंचाळली. मी तिच्या मांडीकडे नव्हते बघत, ओठांकडे बघत होते. लाल! रडून रडून लालबुंद.

परत येताना तिला केळं दिलं. अर्धं मला फासलं.

२ डिसेंबर

ताप आलाय समिधाला. येतो म्हणाले होते, औषधही दिलंय. माहीत आहे मला. माहीत असून दर पाच मिनिटांनी कपाळाला हात लावत होते.

दिपेश जेवायला घरी आला. तिची लंगोटी बदलायला घेतली आणि मांडीवरचा फुगवटा दिसला त्याला. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. पांढरा पडला. भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "काय केलंस स्वप्नाली? काय केलंस तू हे?"

मी म्हटलं, पिंकीला ऑक्सिजनवर बघून ये, मग विचार.

कामावर परत गेलाच नाही. समिधाच्या छातीवर हात ठेवून बसून राहिला. मी दुसऱ्या बाजूला. टीव्ही बंद, पंखा बंद. दुपारी तिला झोप लागली तेव्हा मला वाटलं, तीच वेळ. तेव्हाही झोपच लागली होती. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता तेच बघत होतो — पोट वर होतंय, खाली जातंय. तिने मधेच मोठा सुस्कारा टाकला तर दिपेशने तिला गदागदा हलवून उठवलं. भोकाड पसरलं तिने!

हा माणूस इतका घाबरतो. लोकांपुढे उभा राहतो तेव्हा दिसत नाही.

संध्याकाळी ताप उतरला. पेज खाल्ली. दिपेशच्या चष्म्याची काडी वाकवली. तो हसला नाही, पण चष्मा तसाच वाकडा घालून बसला.

४ डिसेंबर

पिंकी गेली. सकाळी.

५ डिसेंबर

काल सुलूच्या घरी गेले. बायकांनी आत घेतलं नाही असं नाही, पण जागा कोणी दिली नाही. मी दारापाशीच बसले. सुलू रडत नव्हती. पिंकीचे छोटे सँडल घासत होती ओल्या फडक्याने, सोलमधला चिखल काडीने काढत. मी नाव घेऊन हाक मारली. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही उचलून नेलीत, वहिनी. घरात होती तोवर श्वास चालू होता."

७ डिसेंबर, रविवार

उत्तम आला होता. डोक्याला टॉवेल बांधलेला, दाढी वाढलेली. आत येईना. दिपेशने हात धरून आणला.

"भाऊजी, तुम्ही सांगत होता तेच झालं. हॉस्पिटलात सुयांवर सुया टोचल्या. नळ्या घातल्या. मारली माझी पोर त्यांनी." मग म्हणाला, "व्हिडिओ करू या. तुम्ही निकेतचं सांगा, मी पिंकीचं सांगतो. लोकांना कळू दे."

दिपेशने त्याला खुर्ची दिली.

"गोवर तर उतरत आला होता तिचा. रिक्षात बसेपर्यंत चांगली खेळत होती हो!"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. रिक्षात मी होते. मांडीवर माझ्या होती. पण मी काय बोलणार? बोलून तिला तिच्या आईबापापासून अजून लांब नेऊ?

उत्तमने स्वतःचा मोबाईल दिपेशच्या हातात दिला. "घ्या, तुम्ही धरा. तुम्हाला सवय आहे." दिपेशने मोबाईल धरला. उत्तम खुर्चीत ताठ बसला, टॉवेल सोडला, केस सारखे केले. दिपेश त्याच्याकडे बघत राहिला. मग मोबाईल त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "माझ्याने नाही होणार, उत्तम."

"का?"

दिपेश उठला. बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडला. उत्तम जाईपर्यंत नळ चालू होता.

जाताना उत्तम मला म्हणाला, "तुम्ही फितवलंत त्यांना." सभेला तो एकटा जाणार आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

समिधाला भात भरवत होते. दिपेश समोर बसून म्हणाला, "निकेत झाला तेव्हाच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. छातीत आवाज येतोय, मोठ्या हॉस्पिटलात लगेच तपासून घ्या." मी बाळंतीण, घाबरेन म्हणून मला सांगितलं नाही. आज नेऊ, उद्या नेऊ करत राहिला. "हृदयाला भोक असलं तर आपोआप बुजतं, असं कुणीतरी म्हणालं होतं गं."

मी तिचं तोंड पुसलं. मग विचारलं, कुणीतरी म्हणजे कोण?

त्याला आठवेना.